अ भाकर, ब भाकर

नागपुरात दुपारी कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘झालं का जेवण?’ उत्तराची कुणाला अपेक्षा नसते. ‘हो’ म्हणायचं, ‘तुमचं?’ विचारायचं आणि मग कामाचं बोलायचं, अशी ती रीत आहे. आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मात्र हा प्रश्न अजिबात खपत नसे. त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणी तिसऱ्याला विचारला तरी त्यांचं टाळकं सरकायचं. एकदा गणिताचे एक प्राध्यापक वऱ्हांड्यात आम्हा मुलांना सहज म्हणाले, “काय मंडळी, जेवणं आटोपली?” सर मागून येत होते. तिथूनच ओरडले, “तुमी पोट्ट्याइले गणित विचारा न मास्तर. पोटातलं कायले विचारता?”

गणिताचे प्राध्यापक बिचारे ओशाळून हसले. आम्हीही हसलो. सर विक्षिप्त आहेत हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं, आणि विक्षिप्त माणसाच्या बोलण्याचा अर्थ लावायची तसदी कुणी घेत नसतं. मीही घेतली नाही. ती घ्यायला मला जवळजवळ वीस वर्षं लागली आणि तोवर सगळं होऊन गेलं होतं.

साठच्या दशकाचा शेवट होता. सर तेव्हा पन्नाशीचे असतील. खाकी अर्धी चड्डी, तिच्यावर पांढरा शर्ट, डोक्यावर शिकाऱ्यासारखी टोपी, आणि ती टोपी उन्हाळ्यात दर तासाला नळाखाली भिजवून पुन्हा डोक्यावर. पाणी कानावरून ओघळत असताना ते फळ्यावर सुंदर, रेखीव आकृत्या काढायचे. बाकीचे प्राध्यापक घासून पुसून इंग्रजी बोलत. सर वनस्पतींची लॅटिन नावं तेवढी अस्सल उच्चारात घेत आणि उरलेला सगळा तास आपल्या बेसा गावच्या बोलीत. “हे पाहा. *सोर्घम*. याले तुमी ज्वारी म्हनता अन् तोंड वाकडं करता. गव्हाले पाणी लागते, लाड लागते. हे बिचारं कायीच मांगत नाही.” मांगत नाही हे त्यांच्या तोंडून आलेलं सर्वांत मोठं कौतुक होतं.

त्यांच्याकडे एक सायकल होती. ती त्यांनी चालवलेली कुणी पाहिली नव्हती. बेसा तेव्हा निव्वळ खेडं होतं, तिथे त्यांची थोडी शेती होती, आणि दर सोमवारी ते तिथून कॉलेजापर्यंत सायकल हातात धरून चालत यायचे. कॅरिअरवर एक पोतं बांधलेलं असायचं. मुलं विचारायची, “सर, बसत काहून नाही?” सर म्हणायचे, “मी बसलो त पोतं कुठी बसन?” यावरही आम्ही पोट धरून हसायचो. पोत्यात काय आहे हे कुणी विचारलं नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी उमरेडकडचा, विणकराच्या घरचा. आमचा हातमाग त्या वर्षात बहुतेक वेळ बंदच असायचा. इतवारीत वडिलांच्या नात्यातल्या एका घरी माझी राहायची सोय झाली होती. रात्रीचं जेवण त्यांच्याकडे आणि सकाळचं ‘बाहेर बघतो’ असं मी पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं होतं. त्यांचंही घर तंगीचंच होतं. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही, पण तीही मोजकी होती. तेव्हा माझं ‘बाहेर’ म्हणजे कॉलेजच्या मागचा नळ. मधल्या सुटीत मी तिथे जायचो, ओंजळीने पोटभर पाणी प्यायचो, शर्टच्या बाहीला तोंड पुसायचो आणि एखाद्या हॉटेलातून जेवून आल्यासारखा रमतगमत वर्गात परतायचो. हा अभिनय मला छान जमतो अशी माझी समजूत होती.

ती पहिल्या हिवाळ्यात संपली. प्रॅक्टिकल होतं. पानाचा आडवा छेद घ्यायचा होता. पान पातळ असतं, नुसतं हातात धरून कापता येत नाही. म्हणून गाजराचा तुकडा उभा चिरायचा, फटीत पान धरायचं आणि ब्लेडने दोन्ही मिळून कापायचं. छेद इतका तलम हवा की पाण्यात टाकला तर नजरेला दिसू नये. माझे छेद जाड येत होते. ब्लेड धरलेला हात थरथरत होता आणि तो थांबवता येत नव्हता. अर्ध्या तासाने सर माझ्या टेबलाशी आले. सूक्ष्मदर्शकात डोकावले, मग टेबलावर त्यांची नजर फिरली. ब्लेड होतं, पान होतं, काचेच्या ताटलीत पाणी होतं. गाजर नव्हतं.

गाजर मी खाल्लं होतं. शेजारच्या टेबलावरचंही.

शेजारच्या मुलाचा छेदही जाडच होता. त्याला सर म्हणाले, “हे काय दगड कापून राहिला काय बे? फेक.” माझा छेद त्यांनी फेकला नाही. बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझा हात कापते. मले अशाच हाताचा मानूस पाह्यजे. उद्या साडेअकराले वाळक्या पानांच्या खोलीत येजो. प्रयोगात घेतो तुले.”

वाळक्या पानांची खोली म्हणजे आमचं हर्बेरियम. पाठीमागच्या बाजूला, अंधारी, डांबरगोळ्यांच्या वासाची. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो तर आठ जण आधीच बसले होते. सहा मुलं, दोन मुली. प्रत्येकापुढे ॲल्युमिनियमची थाळी. थाळीत दोन भाकरी, तुरीचं वरण, कांदा, मीठ. बाजूला एक छापील तक्ता आणि पेन्सिल. दाराबाहेर चूल मांडून एक मावशी भाकरी थापत होती. ती आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाची बायको.

सरांनी मला खडसावून नियम सांगितले. ज्वारीच्या दोन जाती आहेत. एक नमुना अ, एक नमुना ब. ब भाकरीवर खूण असते. दोन्ही पूर्ण खायच्या, अर्धवट सोडली तर निष्कर्ष बिघडतो. तक्त्यात लिहायचं, मऊपणा किती, चव कशी, आणि शेवटच्या रकान्यात, भूक पुन्हा किती वाजता लागली. शनिवारी वजन होईल. एक दिवस जरी गैरहजर राहिला तरी वर्षाची मेहनत पाण्यात. “हे विज्ञान हाय. मर्जीनं यायाचं अन् जायाचं काम नाही. समजलं काय, विषय क्रमांक चार?”

विषय म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. त्यातला चार नंबर मोकळा होता. कुणी तरी पास होऊन गेलं असेल.

मी ती भाकरी खाल्ली. चव लिहिताना हात थरथरत नव्हता.

आता आठवलं की मान खाली जाते, पण तेव्हा मला वाटलं होतं की माझी निवड झाली. शेकडो मुलांतून सरांनी मला संशोधनाला घेतलं. गावी पत्र लिहिलं की मी एका महत्त्वाच्या प्रयोगात आहे. वडिलांनी ते पत्र शेजारीपाजारी वाचून दाखवलं. इतवारीतल्या नातेवाइकांना सांगितलं की दुपारचं जेवण आमचं शास्त्रीय पद्धतीने होतं.

प्रयोगाबाबत सर भयंकर कडक होते. एकदा मला ताप होता म्हणून गेलो नाही, तर शिपायाच्या हाती दोन भाकरी आणि तक्ता इतवारीत आला. सोबत चिठ्ठी होती : ‘तापात चव कशी लागते, हे अत्यंत महत्त्वाचे.’ दिवाळीत गावी जाणं ज्यांना जमत नव्हतं अशा तिघाचौघांना त्यांनी बजावलं, की थंडीत ज्वारी जास्त पचते की कमी हे पाहायचं आहे, तेव्हा सुटी प्रयोगाला लागू नाही. संत्र्यांचा हंगाम आला की निरीक्षण संत्र्यांचं. प्रत्येकापुढे दोन-दोन संत्री. फाका मोजा, बिया मोजा, लिहा. मग करड्या आवाजात हुकूम यायचा, “आता नमुना नष्ट करा! टेबलावर एक फाक दिसली त याद राखा.” आम्ही नमुना नष्ट करत असताना ते खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. कुणी आभार मानलेले त्यांना चालत नसत. एका मुलाने प्रयत्न केला तेव्हा ते म्हणाले, “उंदीर कधी डॉक्टरचे आभार मानते काय?”

शेवटच्या रकान्यात मी रोज ‘सायंकाळी सात’ असं लिहायचो. खरं तर चारच्या सुमारासच पुन्हा भूक लागायची. पण दोन भाकरी खाऊनही हावरटासारखी भूक लागते हे विज्ञानाला कशाला कळवायचं? महिन्याभराने सर आले, माझे सगळे तक्ते चाळले आणि मावशीला म्हणाले, “विषय चारले उद्यापासून नमुना क बी द्या.” नमुना क म्हणजे तिसरी भाकरी. ती फक्त मलाच. मी याचाही अर्थ असा लावला की माझी निरीक्षणं इतरांपेक्षा काटेकोर असणार.

आमच्यात सात नंबरला सुमन होती. हुडकेश्वरहून पायी यायची, म्हणजे रोज दोन-अडीच तासांची चाल, जाऊन-येऊन. काळी, उंच, कमी बोलणारी मुलगी. त्या काळी मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत, पण एकाच खोलीत दोन वर्षं शेजारी बसून जेवल्यावर थोडंफार बोलणं होतंच. तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं की बी.एस्सी.च्या नादात पडू नको, जवळच्या शाळेत शिवण शिक. तिला पुढे शिकून मास्तरीण व्हायचं होतं. तिचे छेद सगळ्यांत तलम असायचे. सर ते काचपट्टीवर घेऊन सगळ्या वर्गाला फिरवून दाखवायचे.

तिसऱ्या वर्षी माझे दिवस पालटले. परीक्षेत पहिला आलो, शिष्यवृत्ती लागली, धंतोलीत एका वकिलाच्या मुलांची शिकवणी मिळाली. शिकवणीला गेलं की चहा-नाश्ता व्हायचा. नळावर जायची गरज संपली. शिवाय मी वनस्पतिशास्त्र मंडळाचा चिटणीस झालो. अंगावर मूठभर मांस चढलं की डोक्यातही चढतं, निदान माझ्या चढलं. एक दिवस मंडळाच्या बैठकीत एक सुखवस्तू घरचा मुलगा हसत म्हणाला, “चिटणीससाहेब मोठे संशोधक आहेत. रोज मागच्या खोलीत भाकरीचं संशोधन करतात, फुकट!” सगळे हसले. माझ्या कानशिलांना चटका बसला.

त्याच क्षणी मी ठरवलं की मंडळाच्या वार्षिक सभेत या प्रयोगावर निबंध वाचायचा. दोन वर्षांचे तक्ते, वजनं, अ आणि ब यांची तुलना. मग बघू कोण हसतं. सरांकडे तक्ते मागितले. ते टोपी भिजवत होते. म्हणाले, “कच्चं हाय अजून. राहू दे.” पुन्हा मागितले. म्हणाले, “तू दुसरा विषय घे न बापा. शेवाळ घे. शेवाळ चांगलं हाय.” मी विचार केला, म्हातारा आपलं श्रेय वाटून द्यायला तयार नाही. निदान दोन्ही जातींच्या पिठाचे नमुने तरी घेऊ, म्हणून एका सकाळी अकराच्याही आधी हर्बेरियमच्या मागे गेलो.

मावशी पीठ मळत होती. एकच परात होती, एकच गोळा. तिने एक भाकर थापून तव्यावर टाकली. दुसरी थापली आणि तिच्या कडेवर अंगठा दाबून खूण केली.

“मावशी, ब चं पीठ कुठं आहे?” मी विचारलं.

“हेच त हाय.”

“आणि अ चं?”

ती हसली. “सरनं सांगतलं हाय न, अर्ध्याइले आंगठा लावाचा. मले काय समजते बाप्पा त्यातलं.” मग ती एकाएकी गंभीर झाली आणि म्हणाली, “कोनाले सांगू नको हं भाऊ.”

त्या वेळी मला भरून यायला हवं होतं. सोमवारची सायकल, पोतं, दिवाळी, तापातली चिठ्ठी, सगळं त्या परातीसमोर उभं राहून कळायला हवं होतं. मला फक्त राग आला. दोन वर्षं मी भिकाऱ्यासारखा खात होतो आणि मला ते कळूही दिलं नव्हतं, असा राग. गावी लिहिलेलं पत्र आठवून अंगाची आग होत होती. सरांनी मला फसवलं, असं मला खरोखर वाटलं. आणि फसवलेल्या माणसाला वाटतं तसं मलाही वाटलं की सत्य माझ्या बाजूला आहे.

वार्षिक सभेला प्राचार्य अध्यक्ष होते. सर विदर्भातल्या तृणधान्यांवर बोलले, फार छान बोलले. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मी चिटणीसाच्या खुर्चीवरून उठलो. इंग्रजीत बोललो. आदल्या रात्री पाठ केलेली वाक्यं होती. सर, आपण ज्वारीच्या दोन जातींवर वर्षानुवर्षं जो प्रयोग करता त्यात दोन्ही नमुने एकाच पिठाचे असतात हे मी स्वतः पाहिलं आहे, तेव्हा या प्रयोगाला शास्त्रीय आधार काय?

मागच्या रांगेत प्रयोगातले आठही जण बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सरांनी टोपी काढली. त्यांचं डोकं उघडं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. कपाळावर टोपीचा वळ होता. त्यांना एका वाक्यात मला गार करता आलं असतं. ‘अरे, तुला जेवू घालत होतो’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते म्हणाले, “बरोबर हाय पोराचं. प्रयोग चुकला.” आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. त्या मला होत्या.

प्राचार्य भला माणूस होता. त्यांनी चौकशी केली, शिपायाला विचारलं आणि खरा प्रकार समजल्यावर त्यांचे डोळे पाणावले म्हणतात. इतकी चांगली गोष्ट एका माणसाने चोरून का करावी, ती कॉलेजने उजळ माथ्याने करायला हवी, असं ते म्हणाले. पंधरा दिवसांत गरजू विद्यार्थ्यांसाठी भोजन योजना सुरू झाली. अर्ज करायचा, सोबत तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा. कॅन्टीनमध्ये एक टेबल वेगळं लावलं. मंजूर झालेल्यांची यादी टंकलिखित करून सूचनाफलकावर लावली, आणि ती सर्वांना नीट दिसावी म्हणून काचेच्या आत. जेवण प्रयोगापेक्षा चांगलं होतं. भात होता, भाजी होती, गव्हाची पोळी होती.

पहिल्या दिवशी टेबलावर तिघं बसली. पूर्ण कॅन्टीन तिकडे बघत नसल्याचं दाखवत बघत होतं. चौथ्या दिवशी एकच जण होता. दुसऱ्या आठवड्यात टेबल रिकामं. विद्यार्थ्यांना गरजच नव्हती असा शेरा मारून ती योजना वर्षअखेर बंद झाली. यादीत सुमनचं नाव होतं, पण ती त्या टेबलावर एकदाही बसली नाही. यादीत माझं नाव नव्हतं. कारकुनाने विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, “माझं ठीक आहे. मी बाहेर बघतो.”

योजना चालू होती तेवढे दिवस सर रोज साडेअकराला हर्बेरियमचं दार उघडून बसत. मावशी भाकरी करी. कुणी गेलं नाही. काही जण लाजेने गेले नाहीत, आणि काही जण, मला नंतर कळलं, सरांना अवघडल्यासारखं होईल म्हणून. जानेवारीत सुमनने कॉलेज सोडलं. तिच्या काकांनी येऊन नाव काढलं. हुडकेश्वर लांब पडतं, झेपत नाही, असं कारण लिहून दिलं. उपाशीपोटी लांबच पडणार.

सर माझ्यावर कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. वार्षिक प्रॅक्टिकलला ते माझ्या टेबलाशी आले, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि म्हणाले, “बारीक आला. हात नाही कापत आता तुझा. चांगलं हाय.” पूर्ण गुण दिले. मग गाजराच्या तुकड्याकडे त्यांची नजर गेली. तो जागेवर होता.

पुढे मी एम.एस्सी. झालो आणि शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागलो. सर निवृत्त होऊन बेसा गावी शेतावर राहत होते. मी राहायचो त्या घरापासून सायकलने तासाभराची वाट. दर दिवाळीला वाटायचं, जाऊन यावं, पायावर डोकं ठेवावं. दर दिवाळीला काही तरी निघायचं. ते गेल्याचं मला महिन्याने कळलं. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण पंच्याऐंशीनंतर एका जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत, माझ्या खोलीच्या दाराशी एक बाई उभी राहिली. केस पिकलेले, हातात पिशवी, मागे एक सतरा-अठराची मुलगी.

“ओयखलं काय भाऊ? विषय क्रमांक सात.”

मी उभा राहिलो. खुर्ची पुढे केली. मागची मुलगी तिच्या भावाची, बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायला आली होती. सुमन म्हणाली, “मायं त राहून गेलं. हिचं होऊ द्या.” मुलीला फॉर्म भरायला पाठवून आम्ही दोघं बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, “सुमनताई, त्या दिवशी सभेत मी जे बोललो... मला तेव्हा वाटलं की सर आपल्याला फसवत आहेत. तुम्हाला सगळ्यांना खरं कळावं असं वाटलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी कीव आली असावी.

“खरं?” ती म्हणाली. “भाऊ, आमाले सगळ्याइले पयल्या हप्त्यातच समजलं होतं न. ज्वारीच्या घरचे पोट्टे आमी. दोन जातीचं पीठ आमाले हातानं नाही समजन काय? तुमी विणकराच्या घरचे, तुमालेच नाही समजलं.”

“मग कुणी बोललं कसं नाही?”

“कायले बोलाचं? सरले वाटे आमाले मालूम नाही. आमाले वाटे, सरले तसं वाटू द्यावं. रोज तक्ता भरो आमी. मी त चव बी येगयेगळी लिहो. अ गोड, ब जरा कडसर.” ती थोडं हसली. “तुमी मांघं वळून पाह्यलं नाही त्या दिवशी. आमी सगळे खाली पाहून राहिलो होतो.”

इतकी वर्षं मी समजत होतो की मी एक कटू सत्य उघड केलं आणि त्याचे परिणाम वाईट झाले. सत्य सगळ्यांना माहीत होतं. त्या अंधाऱ्या खोलीत आठ उपाशी मुलं आणि एक म्हातारा मिळून एकमेकांची लाज राखत होते आणि त्यांच्यात बसून, तिसरी भाकरी खाऊन, मीच एकटा काही न समजता उठलो होतो.

जाताना सुमन म्हणाली, “पोरीकडं पाहजा जरा भाऊ. सांगत नाही ती. माह्यावर गेली हाय.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. प्रयोगाची सगळी पद्धत मला तोंडपाठ होती.

डिसेंबरात पानाच्या छेदाचं प्रॅक्टिकल आलं. मी टेबलांमधून फिरत होतो. सुमनच्या भाचीचे छेद जाड होते. मी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं आणि टेबलाकडे पाहिलं. ब्लेड होतं, पान होतं, पाण्याची ताटली होती. गाजर नव्हतं.

मला काय म्हणायचं ते ठाऊक होतं. ‘तुझा हात कापतो. उद्या साडेअकराला ये. प्रयोगात घेतो.’ एवढंच. पण सरांकडे शेत होतं, पोतं होतं, अ होता, ब होता. माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. सहा महिने मी नुसता हो म्हणून बसलो होतो. माझा जीव गलबलला, मी वाकलो आणि पंधरा मुलांच्या देखत, अगदी मायेने, माझ्या तोंडून निघून गेलं, “बाळ, जेवलीस का?”

शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. तिने मान वर केली नाही. ब्लेड पुसलं, कागदात गुंडाळलं.

“हो सर,” ती म्हणाली, “जेवूनच आली.”

ज्वारीचं पोतं मी त्याच आठवड्यात आणून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलं. पुढच्या प्रॅक्टिकलला तिने जागा बदललेली होती. खिडकीजवळचं शेवटचं टेबल, माझ्यापासून सगळ्यांत लांबचं.